माका ह्या पटाक नाय

बांद्याच्या वाचनालयात गावच्या थोर समीक्षकांची जन्मशताब्दी साजरी होत होती. त्यांच्या कन्या, सत्तरीच्या मालिनीताई, मुंबईहून आल्या होत्या. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी समीक्षकांचा गाजलेला लेख वाचून दाखवला. जात्यावरच्या ओव्या म्हणजे साहित्य नव्हे, असं त्यात ठासून लिहिलं होतं. टाळ्या थांबल्या आणि मागच्या रांगेतून काजूची बाग करणारी शेवंती उठली. "माका ह्या पटाक नाय. माझी आये दळतना रोज नवी ओवी रची. ता साहित्य नाय, तर काय?" अध्यक्षांनी तिला खाली बसायची खूण केली. पण मालिनीताई व्यासपीठावरून उतरून तिच्याशेजारी येऊन बसल्या. "त्यातली एखादी म्हणाल?" शेवंतीनं लाजत ओवी म्हटली. मालिनीताईंचा चेहरा खुलला. "वाचणाऱ्यानं भांडावं, हे बाबांनीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "या लेखावरून इतकी वर्षं मी एकटीच त्यांच्याशी भांडत होते. आता दोघी झालो."