कार्बनची काठी

दूरच्या ढगांत वीज लकाकली, तेव्हा केदारच्या मुठीत मासे पकडायची लांब काठी थरथरत होती. कातळावर खुंटी रोवता येईना, म्हणून ॲन्टेनाची तार काठीच्या टोकाला बांधून तो स्वतःच खांब झाला होता.

"फायबरग्लासची आहे ना रे?" बिनतारी रेडिओला कान लावून बसलेल्या नीलाताईने विचारले.

"कार्बनची. हलकी मिळाली म्हणून घेतली."

"अरे, कार्बनमधून वीज वाहते. खाली ठेव आधी."

तो वाकणार, तोच खरखरीतून क्षीण आवाज उमटला. दरडीने वाट तुटलेल्या वाडीतून, दिवसभरात पहिल्यांदाच. "आम्ही जिवंत आहोत... शाळेच्या..."

काठी खाली आली, की आवाज विझणार होता. गडगडाट जवळ सरकला.

"ताई, विचार त्यांना, शाळेच्या कुठे," तो म्हणाला आणि डोळे मिटून त्याने काठी आणखी उंच धरली.