हॉर्नबंदी

कपाशीवर औषध फवारता फवारता सहदेव कोसळला, त्याच्या तोंडाला फेस आला. सिंधूताईने नवऱ्याला शकूरच्या ऑटोत घातलं, पण जानेफळच्या चौकात आडव्यातिडव्या मोटारसायकलींनी दवाखान्याची वाट अडवली होती. पार्किंगवर भांडायला ग्रामसभेत आलेल्यांच्याच त्या गाड्या!

शकूरने हॉर्नवरचा हात उचललाच नाही. चौकातल्याच सभेतून एक जण तरातरा बाहेर आला.

"आत हॉर्नबंदीचा ठराव चालू हाय, अन् तू काऊन वाजवून राह्यला बे?"

"भाऊ, हे डोये पांढरे करून राह्यले हो!" सिंधूताई ओरडली. सहदेवचा हात तिच्या हातात गार पडत चालला होता.

तो माणूस ऑटोत डोकावला आणि तसाच सभेत धावला. पाहता पाहता पन्नास जणांनी गाड्या उचलून बाजूला केल्या.

 

ठराव त्या दिवशी राहूनच गेला, पण सहदेव वाचला.