फादरांकडे एक काम

पप्पांना ऑपरेशनसाठी न्यायला दहा मिनिटं उरली होती आणि मम्मी चक्क आपल्या चर्चच्या फादरांना घेऊन हजर झाली. पप्पांच्या खाटेजवळ बसलेली लेक चटकन उठून उभी राहिली. मम्मी कॅथलिक, पप्पा हाडाचे ल्युथरन, म्हणजे पोपला न मानणारे प्रोटेस्टंट. तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर हाच वाद रंगायचा, पण आज डॉक्टरांनी बजावलं होतं की पेशंटचं बीपी अजिबात वाढता कामा नये.

"अहो, आता तरी हट्ट सोडा," मम्मीचा आवाज कापत होता. "पोपलाच मानत नाही तुम्ही. काही बरंवाईट झालं तर तुमच्या आत्म्याचं तारण कसं होणार? या काळजीनं माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही."

"अगं, तारण विश्वासानं होतं. त्याला रोमची परवानगी लागत नाही."

झालं, पेटलं आता, म्हणून लेक नर्सला बोलवायला वळली. पण पप्पा मम्मीच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं, तू बाहेर थांब. मी बोलतो फादरांशी."

मम्मी डोळे पुसत, क्रूसाची खूण करत बाहेर गेली. पापकबुली आपण कशी ऐकायची, म्हणून लेकही निघाली, तर पप्पांनी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"फादर, मला कबुली वगैरे द्यायची नाही," ते हळूच म्हणाले. "फक्त मी परत आलो नाही, तर माझ्या बायकोला एवढं सांगा की मी देवाजवळ सुखरूप आहे. मी तीस वर्षं सांगतोय, तिला पटत नाही. पोपच्या माणसाचं ती ऐकेल."