खैरानची खाणावळ

गाडीतून उतरताना लक्ष्मीकांतने टोपी पार भुवयांपर्यंत ओढली. खैरानच्या किनाऱ्यावर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे राजश्रीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"अजून सांगतो, परत फिरू," तो म्हणाला. "या जागेवर पोलिसांची नजर असते. उगाच नोकरीवर गदा यायची."

"अहो, आता इथे पापलेट मिळतं. पापलेट खाणाऱ्याला कोण पकडतंय?"

तो हसला नाही. हसायचे दिवस तिचेही नव्हतेच. धाकटा भाऊ आशय जाऊन वर्ष होत आलं होतं. याच जागेतून उठून तो घरी गेला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. विषारी दारू. राजश्री नर्स होती, तिने तशी माणसं वॉर्डात पाहिली होती. पण ती दारू इथे आणली कुणी, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नव्हता.

जागा मोठी विचित्र होती. फार पूर्वी एका इंग्रज इंजिनिअरने आपल्या गावच्या आठवणीने इथे छोटंसं मद्यघर थाटलं होतं. बुटकं छत, काळ्या तुळया, लाकडी काउंटर. दारूबंदीच्या या आखाती देशात सगळं अर्थात चोरून. साहेब मायदेशी गेला आणि मागे उरला नुसता अड्डा. आपली माणसं सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गुपचूप यायची. मग माणसं मेली, चालवणारा शेठ पकडला गेला, आणि आता तिथे रत्नागिरीची तबस्सुम खाणावळ चालवत होती. बाटल्यांच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या आल्या होत्या. भिंतींचा जुना आंबट वास मात्र कुठल्याच मसाल्याला हटत नव्हता. राजश्रीला आत पाऊल टाकताच भीती वाटली.

लक्ष्मीकांतने स्वयंपाकघराकडे पाठ होईल अशी खुर्ची धरली.

"तुमी आशयची बहीण ना? फोनवर बोललेलाव ती?" तबस्सुमने ताटं ठेवली, सोलकढीचा स्टीलचा जग ठेवला. "मजीद येतायत आतून. जेवा तवर."

मजीद तिचा नवरा. अड्ड्यात तोच स्वयंपाक करायचा. साक्ष दिली म्हणून इथे राहू शकला. आशयशी शेवटचं बोललेला माणूस तोच.

राजश्रीने मासा नुसताच चिवडला. आशय असता तर एव्हाना काटे साफ झाले असते. भारी खोडकर. भावजींची नक्कल तर अशी करायचा! लक्ष्मीकांत लॅबमध्ये तंत्रज्ञ. रसायनाचा कॅन किती भरलाय ते बोटाची पेरं खालून वर वाजवून सांगायचा. तीच सवय घरच्या पाण्याच्या कॅनवरही. मग आशय मागून डबे, पातेली, शेजाऱ्यांचं दार, सगळं वाजवत फिरायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "निम्मा आहे, पुरेल."

"निघू या," लक्ष्मीकांत पुटपुटला. "मला इथे गुदमरतंय."

तेवढ्यात मजीद आला. भिंतीला हात लावत, काळा चष्मा लावून.

"बाय, कुठं बसलीस? मना आता दिसत नाय. त्या रातीला मीपण घोटभर घेतलेला."

राजश्रीचा जीव कळवळला. तिने त्याचा हात धरून त्याला बसवलं. लक्ष्मीकांतने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कपाळ पुसलं.

"तुझा भाव लय मजेचा," मजीद म्हणाला. "माशाचा सालन मागून घेतलान. म्हणाला, ताईच्या हातची सर नाय, पण वाढा अजून."

ती हसली आणि हसता हसता रडली. मग तिने विचारायचं ते विचारलं.

"ती दारू कोण आणायचा, मजीदभाई?"

"शेठला ठाव, पण तो नाव सांगत नाय. मी आत चुलीपाशी. तो मागच्या दाराशी शेठला कॅन देऊन जायचा. तोंड मी कधी बघितला नाय."

"कुणीही असो, मी त्याला सोडणार नाही."

"सायेब काय बोलत नाहीत?"

लक्ष्मीकांतने नुसती मान हलवली. राजश्रीच म्हणाली, "त्यांचाही फार जीव होता आशयवर."

मजीद उठला, चाचपडत काउंटरपाशी गेला आणि बरण्या पुसू लागला. लक्ष्मीकांत पुढे वाकला आणि अगदी हलक्या आवाजात बोलला.

"राजश्री, तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. आशयला इथे मीच आणलं. त्या दिवशी त्याच्याबरोबर मीही प्यालो. तो गेला, मी राहिलो."

क्षणभर तिला त्याची घृणा वाटली. मग सगळं उलगडलं. ती टोपी, ती पाठ फिरवून बसण्याची धडपड, ते तोंडातून शब्द न काढणं. बिचारा वर्षभर हे गिळून बसला होता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही वाचलात, ही देवाचीच कृपा. तुम्हीही गेला असतात तर मी काय केलं असतं?"

त्याचे डोळे भरले. बोललं की मन हलकं होतं म्हणतात, ते खरं असावं. कित्येक महिन्यांनी त्याचे खांदे सैल झाले. तिने त्याच्या पेल्यात सोलकढी ओतली.

"मजीदभाईंनाही देऊ या. उरली आहे का हो?"

त्याने जग जवळ ओढला आणि सवयीने बोटाची पेरं खालून वर वाजवली. ठप, ठप, टण.

"निम्मा आहे, पुरेल."

काउंटरवर फडकं थांबलं. मजीदने चष्मा काढला आणि चेहरा त्यांच्या टेबलाकडे वळवला.

"तबस्सुम," तो म्हणाला, "सायबांपुढचा पेला उचल. हेच मागच्या दाराशी कॅन असाच वाजवून शेठला द्यायचे, पण शेठनं कितीदा म्हटला तरी इथला घोटभर कधी घेतला नाय त्यांनी. त्या रातीलापण नाय."