एक घोट

विमानतळावर बाटलीचं झाकण उघडून कस्टम अधिकारी कुबातने आधी वास घेतला. मग बोट बुडवलं. त्याने नुकताच मटण भरलेला सामसा खाल्ला होता आणि बोटांना मेंढीची चरबी तशीच लागलेली होती. दुधावर तेलाचा बारीक तवंग पसरला.

"हे काय आहे, करिंदाश?" धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं त्याने विचारलं.

"दूध. माझं. बाळासाठी काढून ठेवलंय," नुरझात म्हणाली.

"माझं म्हणजे?" त्याने मुद्दाम मोठ्याने विचारलं. मागे रांगेतल्या प्रवाशांनी माना वर केल्या. कुबातला तेच हवं होतं. तिचे आतले कपडे त्याने आधीच टेबलावर एकेक करून मांडले होते, बाजारात विकायला बसल्यासारखे.

नुरझात हवाईसुंदरी होती. बाळंतपणानंतरची तिची ही पहिलीच लांबची फेरी, आणि ती नुकतीच मायदेशी उतरली होती. इस्तंबूलच्या हॉटेलात ती पहाटे उठून दूध काढायची आणि बर्फात ठेवायची. घरी सासू वाट बघत होती. पोरगी पावडरचं दूध तोंडात धरत नव्हती.

"बाई अधिकाऱ्याला बोलवा," ती म्हणाली. "आणि आत खोलीत तपासा."

कुबातने तिच्या मागे उभ्या असलेल्या कॅप्टनकडे बघितलं. ओस्मोन बायके, म्हणजे ओस्मोनदादा. विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. तिच्या मुलीला पाळण्यात घातलं त्या दिवशी त्यांनी घरी अख्खी मेंढी पाठवली होती. सगळ्या पोरींना ते सांगायचे, मी तुमचा थोरला भाऊ आहे.

"असलं काही मागता येत नाही आपल्याला, नुरझात," ओस्मोन म्हणाले. "गणवेश अंगावर चढला की बॅग आपली राहत नाही. बघू दे त्याला."

"पण बायके, हे कपडे..."

"लोक बघतायत. उगाच वाढवू नकोस."

कुबात हसला. त्याने बाटली तिच्या नाकासमोर धरली.

"दूधच आहे ना? मग पिऊन दाखव. एक घोट."

नुरझातने वळून कॅप्टनकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते.

"पी ना बाई, एक घोट तर आहे," ते म्हणाले. "मला सासुरवाडीला जेवायला पोचायचंय. माझ्या मानासाठी घोडा कापलाय त्यांनी."

ती प्यायली. दूध गारठलेलं, गोडसर. चरबी टाळूला चिकटली. रांगेतला एकजण फिसकन हसला, दुसऱ्याने मोबाइल वर धरला होता. तिने हाताच्या पाठीने ओठ पुसले.

कुबातचं एवढ्याने भागलं नाही. त्याने उरलेल्या बाटल्याही उघडल्या आणि सगळ्यांत तेच बोट फिरवलं.

"जा आता, पाज पोरीला."

ते दूध आता कुठलं पाजायचं? तिने स्वतःच्या हातांनी ते कचऱ्याच्या डब्यात ओतलं. ओतता ओतता तिला पान्हा फुटला आणि गणवेशावर ओल उमटली. ती तिने गळ्यातल्या रुमालाने झाकली. पुसलेल्या ओठांवरून तिने पुन्हा एकदा हात फिरवला.

"आता तुमची बॅग, कॅप्टन," कुबात म्हणाला.

ओस्मोन यांनी बॅगेवर तळहात ठेवला.

"इथे नाही. बंद खोलीत. साक्षीदार हवेत. आणि तपासणीची लेखी नोंद कर, माझ्या सहीसकट."

"हो बायके, तुमचा हक्कच आहे तो." कुबात लगबगीने उठला. त्याने टेबलामागचं दार वाजवलं. आतून गुलझान बाहेर आली. तीही कस्टमचीच अधिकारी. तिच्या हातात चहाचा कप होता. इतका वेळ ती दारापलीकडे चहा पीत बसली होती.

नुरझातने विचारलं, "हा हक्क फक्त कॅप्टनला असतो का?"

ओस्मोन बॅग उचलून दाराकडे वळले. उत्तर गुलझानने दिलं.

"छे गं. सगळ्या कर्मचाऱ्यांना असतो. तुमच्याच संघटनेने भांडून मिळवलाय आमच्याकडून. बैठकीला हे बायकेच तर यायचे." तिचं लक्ष टेबलावर पसरलेल्या कपड्यांकडे गेलं. तिचा आवाज खाली आला. "का? तुला कुणी सांगितलं नाही?"

"चला, चला," ओस्मोन म्हणाले. "आमच्याकडून एक साक्षीदार लागेल. नुरझात, तूच ये. पटकन आटपेल."

कपडे बॅगेत कोंबून नुरझात आत गेली.

खोली स्वच्छ होती, खिडकीला पडदा होता. कुबातने साबण लावून हात धुतले आणि हातमोजे चढवले. कॅप्टनचा एकेक सदरा त्याने घडी न मोडता उचलला आणि तसाच परत ठेवला. सापडलं काहीच नाही. लपवण्यासारखं काही नव्हतंच. गुलझानने नोंद लिहिली.

"खोलीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कुणाला जाता येत नाही," ती म्हणाली. "साक्षीदाराला काही सांगायचंय?"

"तिला काय सांगायचं असणार," ओस्मोन हसत म्हणाले आणि त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

"सांगायचंय," नुरझात म्हणाली.

गुलझानने पेन दिलं नाही. तिने कप बाजूला सारला आणि कागद पुन्हा पुढे ओढला.

"लिहा. आज भर रांगेत मला माझ्या बाळाचं दूध प्यायला लावलं. लावणारे दोघे होते. दोघांचीही सही तुम्हाला इथेच मिळेल."