दुसरा हात

महाराष्ट्र मिळाल्याची संध्याकाळ होती आणि लालबागच्या चाळीत दारोदार कंदील लागले होते. बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने सुभद्राला मक्याच्या रंगीत फुगीर दाण्यांचा अमेरिकन खोका आणून दिला होता. तिकडचे लोक म्हणे बांगडीसारखा गोड वडा तळून त्याला हे दाणे लावतात. तिने तसला वडा कधी पाहिला नव्हता, म्हणून मैद्याच्या थेट बांगड्याच वळल्या, तळल्या, पाकात बुडवून दाण्यांत घोळवल्या. वाफेच्या धुक्यात परात कासाराच्या पेटीसारखी उजळली. "आये, हात कर," म्हणत लेकीने एक बांगडी तिच्या मनगटात चढवली. सुभद्रा थिजली. फाउंटनच्या गोळीबारात नवरा गेल्यापासून ते हात भुंडे होते, आणि समोर त्याची आई बसली होती. सासू उठली. परातीतली दुसरी बांगडी तिने अलगद उचलली. ती म्हणाली, "एक हात भुंडा ठेवू नये गे."