इंजिनाचं लाळेरं

आजही डबा कोरडा ठणठणीत. मुलानं तो फिरवून सोडवला, उलटा केला, बुडावर दोन थापट्या मारल्या. पडली ती एक मुंगी.

"मुंगी निघाली का?" शेडच्या दारातून बाप म्हणाला. "चला, काहीतरी अडलं म्हणायचं."

ट्रक नवा होता. त्याच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवेच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ त्यांच्यावर बसते आणि काजळीची खपली धरते. हे कुठंतरी वाचून मुलानं वाफेच्या नळीत मध्येच एक डबा बसवला होता. वाफ पुढं जाईल, ऑइल डब्यात राहील. बापानं बॉनेटखाली डोकावून विचारलं होतं, "इंजिनाला दात येतायत का? लाळेरं कशाला बांधलंस?"

थट्टेवर भागलं असतं तर बरं. पण बाप हट्टाला पेटला. रविवारपर्यंत डब्यात ऑइल दिसलं तर ट्रक मुलानं चालवायचा, नाही दिसलं तर चावी जावयाला. चड्डीत होता तेव्हापासून मुलाला ट्रक चालवण्यावाचून दुसरं काही नकोच होतं. आईनं सांगून पाहिलं, "अहो, नवं इंजिन आहे, इतक्यात काय साचणार? जरा दम धरा की." छे! एकदा शब्द गेला की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही.

रविवारी सगळं घर शेडमध्ये जमलं. मुलानं डबा सोडवायला घेतला आणि ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. डबा काठोकाठ! मुलगा नाचायचाच बाकी राहिला. मग त्यानं हात हुंगला. मोगरा.

"आई, हे इंजिन डोक्याला तेल लावतं का गं?"

आईनं जीभ चावली. "थोडंसंच ओतलं रे. तुझं उतरलेलं तोंड बघवेना."

जावई खाकरला. "माझंही आहे त्यात. शिलाई मशीनचं. खरं सांगू का मेव्हणे, रोज पहाटे उठून ट्रक काढायचा म्हणजे... मला नाही झेपायचं हो."

मुलगा मटकन टायरवर बसला. माया कळत होती, पण लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं डबा बादलीत उपडा केला. पिवळ्या तेलामागून दाट, काळं काहीतरी आलं.

"आणि हे काळं कुणी ओतलं?"

आईनं मान हलवली. जावयानं दोन्ही हात वर केले. मुलानं ते बोटांत चोळून पाहिलं. इंजिनाचंच! शंकाच नको.

बापानं चावी फेकली. मुलानं ती हवेतच झेलली.

"आता पटलं ना, बाबा?"

बाप शेडच्या पत्र्याकडे बघत राहिला. मुलगा उडी मारून केबिनमध्ये चढला. आईनं डोळे टिपले. चावी आत गेली.

"फिरवू नकोस!" बाप ओरडला आणि धावत येऊन दाराला लटकला.

"का? शब्द मोडता?"

"मोडायचा नव्हता, म्हणून तर हे सगळं झालं ना!" बापाला धाप लागली होती. "चावी तुलाच द्यायची होती रे मला. म्हणून पहाटे इंजिनाखालचा बोल्ट काढला, म्हटलं, डबाभर ऑइल घ्यावं. तो मेला परत बसेपर्यंत बाकीचं सगळं गटारात गेलं. आता या ट्रकचं ऑइल म्हणशील, तर त्या बादलीत आहे तेवढंच!"